बिनसहीची रेष

उपसंचालक हेरवाडकरांनी सतरा कागद टेबलावर मांडले आणि त्यांच्या कडा बोटांनी नीट जुळवून घेतल्या. माणूस नीटनेटका होता. आवाज चढवणाऱ्यांतला नव्हता.

“ही तुम्ही पाहिली असतीलच, डॉक्टर.”

डॉ. शर्वरी आवटीनं मान हलवली. मिरजेत तेव्हा ती चित्रं न पाहिलेलं माणूस सापडणं कठीण होतं. सीमेवरची लढाई सुरू होऊन चौदा महिने झाले होते. तिसऱ्याच महिन्यात ‘मनोबल संरक्षण कायदा’ आला. मृतांचे आकडे छापायला बंदी झाली, शोकसभेला परवानगी लागू लागली, आणि एखाद्या लिखाणानं किंवा चित्रानं लोकांचा धीर खचतो असं हेरवाडकरांच्या विभागाला वाटलं तर वॉरंटाशिवाय उचलून न्यायची मुभा मिळाली. वर्तमानपत्रांनी व्यंगचित्राचा चौकोन बंद करून तिथं शब्दकोडं टाकलं. त्यानंतर ही चित्रं यायला लागली. पोस्टकार्डाएवढा कागद, काळी शाई, खाली सही नाही. पहिलं म्हणे कुठल्याशा वाचनालयाच्या पुस्तकात सापडलं. कुणीतरी फोटो काढला आणि दुपारपर्यंत ते जिल्हाभर फिरलं.

एका चित्रात शिंपी एका पोराच्या अंगावर गणवेशाचं माप घेत होता. आई म्हणत होती, “वाढत्या अंगाचा शिवा.” शिंपी म्हणत होता, “त्याची गरज पडत नाही, बाई.” दुसऱ्यात गल्लीच्या तोंडाशी पोस्टमन उभा होता, हातात एकच पाकीट, आणि गल्लीतली दारं एकामागून एक लागत चालली होती. तिसऱ्यात मंत्री नकाशावरची सीमारेषा खोडून पुढे सरकवत होते आणि टेबलाखाली एक बाई खोडरबराचा भुगा केरसुणीनं गोळा करत होती. जवळून पाहिलं की कळे, तो भुगा म्हणजे बारीक बारीक बूट होते. 

“तुमचं यंत्र सांगू शकेल ना, हात कुणाचा ते?” हेरवाडकर म्हणाले.

तिचं यंत्र मुळात यासाठी नव्हतंच. ‘रेषावेध’ तिनं बांधलं होतं कंपवाताच्या रुग्णांसाठी. माणसाचा हात कधीच पुरता स्थिर नसतो. धडधाकट माणसाचा हातही सेकंदाला आठ ते बारा वेळा थरथरतो, फक्त ते डोळ्याला दिसत नाही. वळण आलं की हात किती मंदावतो, वळणातून सुटताना किती वेग धरतो, लेखणी टेकवताना नि उचलताना किती दाब देतो, हे मेंदू आणि स्नायू लहानपणीच आपसांत ठरवून टाकतात आणि पुढे सहसा बदलत नाहीत. शाईच्या रेषेच्या कडेवर या सगळ्याचा माग उरतो. रेषावेध ती कड कितीतरी पटींनी मोठी करून वाचायचं. कंपवात बाहेर दिसू लागण्याच्या सहा-सात वर्षं आधीच ही थरथर बदलते. जतहून, अथणीहून, कवठेमहांकाळहून माणसं तिच्या तपासणी केंद्रात येत, एका कागदावर चार ओळी लिहीत, आणि ज्यांना गरज असे त्यांची औषधं वेळेवर सुरू होत. पाच वर्षांत अकरा हजार माणसं येऊन गेली होती.

असं यंत्र शिकवायचं तर एकाच हाताच्या, तारीखवार, वर्षानुवर्षांच्या रेषा हव्यात. शर्वरीच्या घरी त्या ट्रंकांमध्ये भरून ठेवलेल्या होत्या. तिचे वडील गजानन आवटी यांनी ‘जनपहारा’ दैनिकात अडतीस वर्षं रोज एक व्यंगचित्र काढलं. जाड कागदावरचं प्रत्येक मूळ चित्र, मागे तारीख घालून, जपून ठेवलेलं. सुरुवातीच्या तीन-चार वर्षांची ट्रंक महापुरात गेली. बाकीच्या आईनं फडक्यानं पुसून तिच्या हवाली केल्या. त्यातून शर्वरीला एक नवलाची गोष्ट सापडली. बाबांना कंपवात झाला तेव्हा त्यांचं अक्षर थरथरू लागलं, चेकवरची सही ओळखू येईना, पण चित्रांतली रेष मात्र पुढची पाच वर्षं, दैनिक बंद पडेपर्यंत, जशीच्या तशी राहिली. यावर तिनं प्रबंध लिहिला. हजारो वेळा केलेल्या हालचालीला मेंदूत वेगळी वाट तयार होते आणि रोग त्या वाटेला शेवटपर्यंत लागत नाही, असं तिनं मांडलं. ‘सवयीची रेष’ हा शब्द त्यातूनच रूढ झाला. देशोदेशीचे डॉक्टर रुग्णांना रोज चित्र काढायला सांगू लागले.

हेरवाडकरांनी राज्यातल्या तीनशे चाळीस चित्रकारांच्या रेषा सोबत आणल्या होत्या. नाही म्हटलं असतं तर कायद्याचं कलम होतंच. यंत्र गेलं असतं, केंद्र गेलं असतं. शर्वरीनं मनाशी म्हटलं, एवढी हुशार चित्रं काढणारा माणूस सरकारी यादीतला नसणारच. तिनं कागद काचेवर ठेवले.

चार मिनिटांनी पडद्यावर नाव आलं. गजानन आवटी. जुळणी अठ्ठ्याण्णव टक्के.

तिला हसू आलं. “यंत्राची चूक आहे, साहेब. माझ्या बाबांना चहाचा कप धरता येत नाही. आई बशीनं पाजते.”

हेरवाडकरांनी बॅगेतून तिचा प्रबंध काढला. त्यात पिवळ्या चिठ्ठीची खूण होती. त्यांनी वाचलं, “‘रुग्ण कप धरू शकत नसला, तरी सवयीची रेष काढू शकतो.’ वाक्य तुमचंच आहे, मॅडम.”

*

गाडी तिच्या आधी ब्राह्मणपुरीतल्या घरी पोचली होती. बाबा दाराजवळच्या खुर्चीत बसले होते आणि आई त्यांच्या सदऱ्याची बटणं लावत होती. दोन शिपाई चपला काढून आत आले होते, याचं शर्वरीला पुढे कितीतरी दिवस आश्चर्य वाटत राहिलं.

“ही चित्रं तुम्ही काढलीत?” हेरवाडकरांनी विचारलं.

आई वळली. “अहो साहेब, ऐका, ती चित्रं—”

“प्रमिला,” बाबा म्हणाले. त्यांचा आवाज अलीकडे इतका बारीक झाला होता की पुढे वाकून ऐकावं लागे. पण हे एवढं सगळ्यांना ऐकू गेलं. “माझा चष्मा दे.”

आईनं चष्मा दिला. ते तिच्याकडे बघत राहिले. मग हेरवाडकरांना म्हणाले, “मीच काढली. सतराच्या सतरा.”

शर्वरी मध्ये पडली. हे आजारी आहेत, याचा अर्थ त्यांना कळत नाही, यांच्या गोळ्यांच्या वेळा चुकल्या तर शरीर लाकडासारखं होतं, घास गिळता येत नाही, असं बरंच काही बोलली. हेरवाडकरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “गोळ्यांचं लिहून द्या. दिल्या जातील.”

आई आत गेली आणि वहीचं पान फाडून तिनं वेळा लिहून दिल्या. सकाळी सात, अर्धी, उपाशीपोटी. साडेदहा, एक. दुपारी दोन, जेवणाच्या आधी पाऊण तास. असं रात्रीपर्यंत.

दुसऱ्या दिवशी कोठडीतून निरोप आला की कागद मिळाला नाही, पुन्हा पाठवा. आईनं तोच मजकूर पुन्हा लिहिला. शर्वरीनं तो केंद्रात नेला. या वेळी दहा प्रती काढून द्यायच्या, असं तिनं ठरवलं होतं. यंत्राची काचच प्रत काढायलाही वापरत. तिनं कागद ठेवला, आणि यंत्रानं रोजच्या शिरस्त्याप्रमाणे त्याची कडही वाचली.

पडद्यावर आलं, गजानन आवटी. जुळणी शहाण्णव टक्के.

ती पडद्याकडून कागदाकडे वळली. आईच्या हातचं ‘साडेदहा’. त्यातल्या ड चं वळण. मग तिनं जुन्या चित्रांतून एक उघडलं आणि एका पुढाऱ्याच्या पोटाचं वळण त्याच्याशेजारी ठेवलं. दोन्ही वळणं एकाच जागी मंदावत होती आणि एकाच जागी सुटत होती. बाबांचं अक्षर आणि बाबांची रेष जुळत नाही, या एका गोष्टीवर तिनं सगळा सिद्धान्त उभा केला होता. ती जुळणार नव्हतीच. मेंदूत दोन वाटा नव्हत्या. हातच दोन होते.

*

आई स्वयंपाकघरात गवारीच्या शिरा काढत बसली होती. शर्वरी दारात उभी राहिली. आईनं वर पाहिलं आणि तिला विचारायची गरज पडली नाही.

“कळलं का तुला,” ती म्हणाली.

“कधीपासून?”

“तू दोन वर्षांची होतीस. हे स्कूटरवरून पडले, मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. पेपर थांबणार कसा? मग ते डाव्या हातानं पेन्सिलीनं कसंबसं दाखवायचे आणि मी शाई करायची. माझा हात बरा होता. शाळेत असताना बक्षिसं होती मला.” तिनं शिरा एका बाजूला सारल्या. “प्लास्टर निघालं आणि संपादकांची चिठ्ठी आली की आवटी, तुमच्या रेषेत अलीकडे जीव आलाय. यांनी ती मला वाचून दाखवली. खोटं वाटेल तुला, पण आनंदानं दाखवली. मग ती रेष माझ्याकडेच राहिली.”

“तू चित्रांत फक्त काळं भरतेस, असं सांगायचात मला.”

“काळंही मीच भरत होते की.”

“नाव?”

“ते म्हणाले होते, दोघांचं घालू. संपादक म्हणाले, वाचकांना एका नावाची सवय झालीय. मीच म्हटलं, राहू दे.” तिनं आणखी एक शेंग उचलली. “तेव्हा खरंच काही वाटलं नव्हतं. पुढे वाटायला लागलं तेव्हा फार उशीर झाला होता.”

शर्वरीला प्रबंधाचं विचारायचं होतं. पाच वर्षं ती सुट्टीत घरी येऊन कौतुकानं सांगत होती की बाबांचा चित्राचा हात अजून शाबूत आहे, आणि ही दोघं ते ऐकून घेत होती. तिनं विचारलं नाही. आईनंच सांगितलं.

“तू किती खुशीत असायचीस. यांना ते ऐकायला आवडायचं, शरू. दिवसभरात तेवढंच एक चांगलं. वाटलं, पोरीचा अभ्यास आहे, कोण वाचतंय. चुकलंच ते.” मग ती उठली आणि हात धुतले. “उद्या मी जाते हेरवाडकरांकडे. खरं काय ते सांगते. सतरा चित्रं मी काढली. दर मंगळवारी पुस्तक बदलायला जात होते ना, तेव्हा ठेवायची.”

“तुला आत टाकतील, आई.”

“मग? मी काढलीत.”

*

पण आधी बाबांना भेटायची परवानगी आली, एकट्या शर्वरीला, दहा मिनिटांची. दोन-तीन दिवसांतच त्यांचा चेहरा मुखवट्यासारखा झाला होता. पापणीसुद्धा हलत नव्हती. गोळ्या मिळत होत्या, पण जेवणाबरोबर, एकदम. पहारेकऱ्याला ते सोयीचं होतं. तिनं कान त्यांच्या तोंडाशी नेला.

“आईला येऊ देऊ नकोस इथं,” ते म्हणाले.

“बाबा, मला कळलंय सगळं.”

“बरं झालं.” त्यांनी दम घेतला. “इतकी वर्षं लोक रस्त्यात थांबवून मला नमस्कार करायचे. तिच्या रेषेसाठी. मी घेतले ते नमस्कार. आता हेही मीच घेणार. मध्ये पडू नका.”

“तुम्ही मराल इथं.”

“शरू,” ते म्हणाले, “घरी तरी काय करत होतो.”

बाहेर अ‍ॅडव्होकेट रुक्साना जमादार थांबली होती. शर्वरीची शाळेपासूनची मैत्रीण, आणि जिल्ह्यात असे खटले घेणाऱ्या दोघांपैकी एक. शर्वरीनं तिला सगळं सांगितलं, आईसकट. दोघी न्यायालयाच्या आवारातल्या पारावर बसून होत्या.

“त्यांच्याकडे यंत्र आणि कबुली, एवढंच आहे,” रुक्साना म्हणाली. “आजारी माणसाची कबुली मी खोडून काढीन. यंत्राचं तू बघ. तुझा सिद्धान्त चुकला असं सांग.”

“का चुकला विचारतील. रेष बाबांची नाही म्हटलं, की कुणाची ते येणार. घरात माणसं किती? तीन.”

“मग दुसरं काहीतरी कारण सांग.” रुक्साना तिच्याकडे न बघता बोलत होती. “शपथेवर आहेस, हे मी तुला सांगायला हवं म्हणून सांगते. काय करायचं ते सांगत नाही.”

शर्वरीनं तीन दिवस आईला काही ना काही कारणानं घरात थांबवलं. खोटं सांगितलं की रुक्सानानं अर्ज केलाय, आता तू गेलीस तर गोंधळ होईल, सोमवारपर्यंत थांब. सोमवारी आईला घरी ठेवून ती न्यायासनासमोर उभी राहिली.

विभागाच्या वकिलांनी विचारलं, “आपल्या यंत्रानं दिलेली जुळणी विश्वासार्ह आहे का?”

“नाही.”

“का नाही?”

“कारण यंत्राला ज्या आकड्यांवर शिकवलं, ते मी बदलले होते. माझ्या वडिलांचा हात चित्र काढताना थरथरत होता. ती थरथर मी आकड्यांतून काढून टाकली. मला पदवी हवी होती. सवयीची रेष असं काही नसतं.”

हेरवाडकर पहिल्या रांगेत होते. त्यांनी मांडीवरची फाइल बंद केली आणि तिच्याकडे पाहिलं. शर्वरीला वाटलं, यांना कळलंय की मी खोटं बोलतेय; फक्त कुठलं खोटं, ते कळत नाहीये.

“या निवेदनाचे परिणाम आपल्याला माहीत आहेत?” न्यायाधीशांनी विचारलं.

“हो.”

परिणाम महिन्याभरात झाले. पदवी काढून घेतली. केंद्राला कुलूप लागलं. अकरा हजार माणसांना पत्रं गेली की आपल्या तपासणीचा निष्कर्ष ग्राह्य धरू नये. अथणीचे एक निवृत्त मास्तर पत्र घेऊन थेट घरी आले. “मग आता गोळ्या घेऊ की थांबवू?” त्यांनी विचारलं. शर्वरी म्हणाली, “घ्या.” ते म्हणाले, “पण तुम्हीच तर म्हणताय की सगळं खोटं होतं.” पत्राची घडी खिशात घालून ते गेले.

*

बाबा सुटले ते स्ट्रेचरवरून. घास श्वासनलिकेत गेला होता आणि छातीत पू झाला होता. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, त्याचा अर्थ तिघांनाही कळला. अकरा दिवस ते दाराजवळच्या खोलीत होते. आई त्यांच्याजवळून हलली नाही. दुपारी ती त्यांना मोठ्यानं वर्तमानपत्र वाचून दाखवी आणि मध्येच थांबून दोघं एकमेकांकडे बघत. आतल्या खोलीतून बघताना शर्वरीला कळे की यातून एखादं चित्र झालं असतं.

तिसऱ्या दिवशी आईनं कोर्टातलं विचारलं. इतके दिवस कुणी तिला नीट सांगितलं नव्हतं. शर्वरीनं सांगितलं. आई ऐकत असताना बाबांच्या पायाला तेल लावत होती, ती लावतच राहिली.

“तू स्वतःला चोर म्हणवून घेतलंस.”

“दुसरा मार्ग नव्हता, आई.”

“होता. मी सांगत होते तो.” तिनं वाटी खाली ठेवली. “यांनी माझी चित्रं आपल्या नावावर घेतली आणि तुरुंगात गेले. तू माझी रेष खोटी ठरवलीस आणि घरी बसलीस. दोघांनी माझ्यासाठीच केलं, मला कळतंय. पण एकानंही मला विचारलं नाही. दोघांनी मिळून पुन्हा माझं नाव गाळलंत.”

बाबांचे डोळे उघडे होते. त्यांना बोलता येत नव्हतं. चेहरा हलत नव्हता, म्हणून त्यांना काय वाटलं ते कुणालाच कधी कळलं नाही. डाव्या डोळ्यातून पाणी आलं, पण ते या आजारात एरवीही येतं.

अकराव्या दिवशी सकाळी ते गेले. शोकसभेला परवानगी मिळाली नाही. तरी वाचनालयाबाहेरच्या फळ्यावर कुणीतरी खडूनं एक रिकामा चौकोन काढला होता, वर्तमानपत्रातल्या एका स्तंभाच्या रुंदीचा. दुपारी तो पुसला गेला.

चौदावा झाल्यावर आईनं टेबल ओढून खिडकीशी घेतलं. दोन दिवस ती चित्र काढत होती. शर्वरीनं अडवलं नाही. चित्रात एक अधिकारी भलंमोठं भिंग घेऊन टेबलावरच्या कागदावर वाकला होता आणि कागदावरच्या एका रेषेचा माग काढत होता. ती रेष कागदावरून उतरून टेबलावर, तिथून जमिनीवर, उंबऱ्यावरून बाहेर जात होती, आणि बाहेर गेल्यावर कळत होतं की ती तिरड्यांची रांग आहे. अधिकाऱ्याची पाठ दाराकडे होती.

चित्र झालं आणि आई अडली. कोऱ्या कागदावर ती पुन्हा पुन्हा काहीतरी लिहून बघत होती. शर्वरीनं जवळ जाऊन पाहिलं. ‘प्रमिला आवटी’. कधी सरळ, कधी तिरपं, कधी नुसतं ‘प्रमिला’.

“बँकेत करते ती सही इथं शोभत नाही,” आई म्हणाली. “चित्राखालची सही निराळी असते. यांची किती छान होती. मला जमेना झालंय.”

“कुठलीही कर, आई.”

“कुठलीही कशी करू. पहिलीच आहे.”

संध्याकाळपर्यंत तिला मनासारखी सही मिळाली. ‘उंबरा’ नावाच्या साप्ताहिकानं ते चित्र छापलं. शर्वरी स्वतः ते संपादकांना नेऊन देऊन आली. परत येताना बसमध्ये ती रडली. आईला थांबवायचं आणखी एखादं खोटं तिला सुचलं असतं. ते तिनं शोधलं नव्हतं.

अंक शुक्रवारी निघाला. शनिवारी हेरवाडकर आले, आणि या वेळी त्यांना कुठलंच यंत्र लागलं नाही.

*

आईला आठ महिन्यांची शिक्षा झाली, त्या एका चित्राबद्दल. आधीच्या सतरांची तिनं कोर्टात कबुली दिली, पण न्यायाधीशांनी ती नोंदवून घेतली नाही. तो खटला पुराव्याअभावी निकाली निघाला होता आणि पुन्हा उघडायला कुणी तयार नव्हतं. महिन्यातून एकदा शर्वरी भेटायला जाई. कागद-पेन्सिल द्यायला मनाई होती. सातव्या महिन्यात लढाई थांबली. कुणी जिंकलं असं कुठं लिहिलेलं नव्हतं. तहाच्या बातमीखाली मृतांचा आकडा छापून आला तेव्हा लोक तो वाचत चौकात नुसते उभे होते.

घरी आल्यावर आई म्हणाली, “आता खरं ते सांगून टाक त्यांना.” शर्वरीनं विद्यापीठाला लांबलचक पत्र लिहिलं. आकडे बदललेले नव्हते. आकडे खरे होते, त्यावरचं नाव चुकलं होतं. तो हात प्रमिला आवटी यांचा. त्यांना कंपवात नाही आणि कधीच नव्हता. यंत्र रोग ओळखतं, हे आजही खरं आहे. ते पुन्हा सुरू करावं. दोन महिन्यांनी चार ओळींचं उत्तर आलं. आपण शपथेवर दिलेली साक्ष पाहता सदर विषय बंद करण्यात आला आहे.

तिनं ते आईला वाचून दाखवलं. आईनं चष्मा काढून पुसला आणि म्हणाली, “ट्रंका काढ माळ्यावरच्या.”

मग त्या दोघी रोज दुपारी सतरंजीवर बसू लागल्या. जाड कागदाची ती हजारो चित्रं. शर्वरी एकेक उचलून देई आणि आई सांगे. “रेष सगळ्यांत माझीच. पण सुचलेलं कुणाला, ते बघू.” शर्वरी मागे पेन्सिलीनं लिहून ठेवी आणि चित्र त्या-त्या गठ्ठ्यावर ठेवी. “हे यांचं. वीज गेली होती, तेव्हा सुचलं त्यांना.” “हे माझं, भाजी आणताना.” “यांचं.” “यांचं.” “माझं, पण यांनी शेवटची ओळ बदलली, चांगली केली.” आई भराभर सांगत होती, तीस वर्षांपूर्वीचा मंगळवार तिला कालच्यासारखा आठवत होता.

चौथ्या की पाचव्या दुपारी एका चित्रावर ती थांबली. जुनंच होतं, कुठल्याशा विसरलेल्या दुष्काळातलं. टँकरपुढे लागलेली रांग, आणि रांगेच्या शेवटी, आपली पाळी यायची वाट बघत, स्वतः नदी उभी होती, हातात कळशी घेऊन.

आईनं ते हातात घेतलं. उजेडाकडे धरलं, उलटं करून मागची तारीख वाचली, पुन्हा सुलट केलं.

“नदी मी म्हटलं असणार,” ती म्हणाली. मग म्हणाली, “नाही. मी नुसती बाई काढली होती. हे म्हणाले... की मी म्हटलं, आणि हे हसले...”

शर्वरी पेन्सिल धरून थांबली होती.

“मला खरंच सांगता येत नाही गं, शरू,” आई म्हणाली, आणि बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच तिच्यासमोर रडली. मग पदरानं डोळे पुसून तिनं ते चित्र दोन्ही गठ्ठ्यांपासून दूर, सतरंजीच्या मोकळ्या कोपऱ्यात ठेवलं, आणि पुढच्यासाठी हात केला.